ठाऊक असलेलं विचारायचं नाही

गेल्या मे महिन्यापर्यंत लोक मला "प्रश्नवाल्या बाई" म्हणायचे आणि मला ते मनापासून आवडायचं. महाडच्या एका ग्रंथालयात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. वाचक थोडे, वेळ भरपूर, त्यामुळे हाताला लागेल ते वाचत गेले: वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, जुने कोश, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. एकदा ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घेतली, ती रंगली, आणि मग गावोगावची बोलावणी यायला लागली. गणपतीत नाते गावाला, शाळेच्या संमेलनाला वीरला, कुठल्याशा मंडळाच्या कार्यक्रमाला शिवथरच्या खोऱ्यात. एक शाल, एक नारळ, आणि "बाईंबद्दल बोलावं तेवढं थोडं" म्हणत बराच वेळ चालणारं आभाराचं भाषण. निवृत्त झाल्यावर तर हाच माझा उद्योग झाला.

स्वभाव मुळातच खोडसाळ. चुकीचं उत्तर कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा कुणाला तरी सांगत होता की चंद्रावरून चीनची भिंत दिसते. मी हातातली पुरी खाली ठेवली आणि कशी दिसत नाही ते त्याला समजावून सांगितलं. आमचे यजमान माझ्या पलीकडे बसले होते. ते म्हणाले, "अगो, जेवू दे त्याला. चंद्रावर कोण चाललाय?" अख्खी पंगत हसली. मीही हसले, पण आधी भिंतीचं पूर्ण करून मग.

यजमान एसटीवर ड्रायव्हर होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जी गावं आहेत, तिथे संध्याकाळी जाऊन रात्री मुक्काम करायचा आणि पहाटे माणसं घेऊन खाली यायचं, अशी मुक्कामाची गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली. गाव भाकरी द्यायचं आणि झोपायला देऊळ. ते जाऊन आता काही वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी, टीव्ही आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे.

मे महिन्यात त्या मुक्कामाच्या गाडीच्या एका गावाहून बोलावणं आलं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणी तिथे बघायला जायचं. मुंबईकर मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. वर्षभर कुलपं लावलेली घरं त्या आठवड्यात उघडतात, अंगणात गाद्या वाळत पडतात, पोरांच्या तोंडी "क्या यार" सुरू असतं. मंडळाचा सचिव मुंबईला कुठल्याशा कंपनीत होता, गळ्यात टॉवेल, कपाळाला गंध आणि तोंडात सारखं "मॅडम". दुपारी जेवणं उरकल्यावर शाळेच्या पडवीत प्रश्नमंजूषा मांडली. तीन संघ होते: मुंबईकर पोरं, खालच्या वाडीचे बाप्ये आणि वरच्या वाडीच्या बायका.

पहिल्याच फेरीत माझं डोकं फिरलं. मुंबईकर पोरं उत्तर द्यायच्या आधी सगळी एकदम मांडीकडे बघायची. मी उठून गेले, तर सतरंजीखाली मोबाइल. ते जमा करून घेतले, तर थोड्या वेळाने खिशातून दुसरे निघाले. वाडीच्या बायका ओरडायला लागल्या. मी चिठ्ठ्या आवरल्या आणि म्हणाले, मी चालले, मला फसवून घ्यायची हौस नाही. सचिव घाबरला. "मॅडम, देवळात घेऊ. आत रेंजच नाही. दगडी बांधकाम आहे, फोन नुसता खेळणं होतो."

मला ते पटलं. तरीही मी देवळाच्या दारात एक फुलांची परडी ठेवायला लावली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला फोन तिच्यात टाकायला लावला. माझा विश्वास कुणावरच नसतो.

गुरव तिथेच पायरीवर बसला होता. म्हातारा, अंगावर फक्त पंचा, खांद्यावर दुसरा. चाललंय काय हे त्याने सचिवाकडून समजून घेतलं आणि तो उठून माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, हितं नको."

"का? बायकांना बंदी आहे का?"

"तसा काय नाय. कोन पन या, बसा, जेवा, झोपा. पन हितं ठाऊक असलेलं इचारायचं नाय."

मी त्याला नीट सांगायला सांगितलं. मी शहाणी आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी अशा लोकांशी फार गोड बोलते. तो म्हणाला, या देवाकडे माणसं विचारायला येतात. लग्न जमेल का, हरवलेली गाय सापडेल का, पोराला नोकरी लागेल का. विचारायच्या आधी प्रत्येकाने म्हणायचं असतं: ठाऊक नाय देवा, म्हणून विचारतो. उत्तर ठाऊक असताना कुणी विचारलं, तर देव समजतो की याला ते नकोसं झालंय. आणि ठेवून घेतो.

"काय ठेवून घेतो?"

"जे ठाऊक असंल ते."

"मग ठेवू दे की," मी म्हणाले. "माझ्याकडे डबे भरून आहेत."

पोरं खो खो हसली. गुरव हसला नाही, चिडलाही नाही. त्याने एक तोडगासुद्धा सुचवला. ज्याला उत्तरं ठाऊक नाहीत अशा कुणाला तरी चिठ्ठी वाचू दे, म्हणजे विचारणारा खरोखरच विचारतोय असं होईल. सचिव लगेच तयार झाला, म्हणाला, "मॅडम, मी वाचतो ना, मला तसंही काही येत नाही." पण प्रश्न मी काढले होते आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून, अडखळत, चुकीच्या जागी थांबत आलेले मला चालणार नव्हते. मी म्हणाले, माझे प्रश्न मीच विचारणार. गुरवाने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो बाहेर जाऊन झाडाखाली पाठ करून बसला.

आत गार होतं. इतक्या उन्हातून आल्यावर बरं वाटलं. जुने जाड खांब, जमिनीला शेणाचा नव्हे तर तेलाचा आणि वटवाघळांचा वास, आणि पुढे गाभारा, त्यात एक समई. बाहेर भर दुपार असूनही गाभाऱ्यातलं काही दिसत नव्हतं, फक्त समईच्या उजेडात चांदीचा एक डोळा. मी गाभाऱ्याकडे पाठ करून बसले, संघ माझ्यासमोर.

पहिला प्रश्न विचारला आणि दचकले. माझ्या प्रश्नाचा शेवटचा शब्द गाभाऱ्यातून परत आला. दगडी बांधकाम, पोकळी, आवाज परततोच, त्यात काही नाही. मी पुढचा विचारला. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? मागून, सावकाश, "कुठे असतं" असं आलं. खालच्या वाडीतला एक जण मोठ्याने ओरडला, "कानात!" त्याचा आवाज माझ्याहून चौपट मोठा होता. तो काही परत आला नाही.

हे मी दोनचार प्रश्नांनंतर ओळखलं. प्रश्न परत येत होते, उत्तरं आतच राहत होती. मी मान वळवून मागे बघितलं नाही. बसण्याची जागा, छताचा उतार, कोण कुठे तोंड करून बोलतोय, अशी कारणं मी एकीकडे मनात लावत होते आणि दुसरीकडे प्रश्न विचारत होते. सावित्री नदीचा उगम कुठे होतो, हा प्रश्न मी मुद्दाम सोपा म्हणून ठेवला होता. वरच्या वाडीच्या बायकांनी एका सुरात उत्तर दिलं. मला त्यांचं कौतुक वाटलं.

शेवटी मुंबईकर पोरं आणि वाडीच्या बायका बरोबरीत आल्या. मग भांडण. बायका म्हणायला लागल्या की पोरं परीक्षांची तीच पुस्तकं वाचतात, पोरं म्हणाली की मॅडम लेडीजना सोपे देतात. सचिव दोन्हीकडे हात जोडत फिरला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, कुठल्याच पुस्तकात नसलेला एक विचारा ना. फायनल."

मी खांबांकडे बघत होते. याच जमिनीवर आमचे यजमान घोंगडी टाकून झोपायचे. घरी आले की या देवळाचं सांगायचे, गार असतं, झोप मस्त लागते, पण पहाटे उठवायला कुणी लागत नाही, आपोआपच जाग येते. आणि मला प्रश्न सुचला.

"पूर्वी या गावात मुक्कामाची गाडी यायची," मी म्हणाले. "तिचे एक ड्रायव्हर पहाटे गाडी चालू करण्याआधी मागे वळून माणसांना एक वाक्य म्हणायचे. रोज तेच. कोणतं?"

मागून "कोणतं" आलं. 

ते वाक्य माझ्या दृष्टीने नुसतं गमतीचं नव्हतं. ते आजारी पडले आणि त्यांना मुंबईला न्यायचं ठरलं, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स आमच्या दारात उभी होती. त्यांना आत निजवलं, मी शेजारी बसले, गाडी चालू झाली, आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवून तेच वाक्य म्हटलं. हसत म्हटलं. मी म्हणाले, "मी नाही उतरत." पेण ओलांडल्यावर ते गेले. मधे ते काहीच बोलले नव्हते. म्हणजे ते त्यांचं शेवटचं बोलणं, आणि तेही माझ्याशी. ते गेल्यावर किती वेळा मी ते मनात वाजवून बघितलं असेल. त्यांचा आवाज, वाक्याच्या शेवटी येणारं ते खोकल्यासारखं हसू. त्यांचा एक फोटो भिंतीवर आहे, पण फोटोत माझा जीव नव्हता, या वाक्यात होता.

वरच्या वाडीच्या बायकांतली एक उभी राहिली. माझ्याच वयाची, हिरवं पातळ, कमरेला खोचलेला पदर. ती क्षणभरही थांबली नाही. तिने उत्तर दिलं आणि जुनी माणसं हसायला लागली, एक म्हातारा तर मांडीवर थाप मारून "अगदी, अगदी!" म्हणाला. मी म्हणाले, "बरोबर!" आणि माझे डोळे भरून आले. बायका जिंकल्या. ती काय म्हणाली ते आत्ता इथे लिहीत नाही. ते मला पुढे जिथे कळलं तिथेच लिहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडला शेजारची मुलगी आली. ती पोलीस भरतीचा अभ्यास करते आणि मला मधूनमधून प्रश्न विचारायला लावते. त्या दिवशी तिनेच मला विचारलं, "काकू, सावित्रीचा उगम कुठला हो?" मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. मी त्या नदीच्या काठी जन्म काढलाय. तिचं पाणी माझ्या उंबऱ्याच्या आत येऊन गेलंय. मी म्हणाले, ऊन लागलंय मला, पुस्तकात बघ. ती गेल्यावर मी स्वतः बघितलं. महाबळेश्वर. वाचलं, कळलं. पण जसा एखाद्या परक्या देशातल्या नदीचा उगम कळावा तसं कळलं. हे मला कालपर्यंत ठाऊक होतं, अशी कुठलीच खूण आत लागेना.

मग मी डबा काढला. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या एका बाजूला ठेवल्या. त्यातल्या काही मी पडवीत विचारल्या होत्या, काही देवळात, काही विचारायच्या राहूनच गेल्या होत्या. चिठ्ठीच्या पुढे प्रश्न असतो, पाठीमागे उत्तर. पडवीतले प्रश्न मी घडाघडा सोडवले. राहिलेले सोडवले. देवळातला पहिला प्रश्न हातात घेतला आणि अंधार. दुसरा, तोच अंधार. सगळ्यात लहान हाड? मी माझ्या हाताकडे बघत बसले, बोटांत असेल का म्हणून. 

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला आजची तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मी सगळं बिनचूक केलं आणि त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातली एक चूकही दाखवली. ते म्हणाले, काही झालेलं नाही, वयोमानाने होतं, पाणी प्या. देवळातल्या चिठ्ठ्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार होते?

खरं सांगते, मला तोवर भीतीपेक्षा मौजच जास्त वाटत होती. गेली तर गेली दहावीस उत्तरं, चिठ्ठीमागे लिहिलेली आहेत. शेवटच्या प्रश्नाची चिठ्ठी नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ते आलं भाजी चिरताना. सवयीने मन त्या अ‍ॅम्ब्युलन्सकडे गेलं. दार, सलाईनची बाटली, गाडीचा थरथराट. त्यांनी मान वळवली. ओठ हलले. आणि मग माझा आवाज: "मी नाही उतरत." मी विळी बाजूला केली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, दार, बाटली, थरथराट. ओठ हलले. मी नाही उतरत. मी पंगत आठवून बघितली, चंद्रावर कोण चाललाय हे त्यांच्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे आवाज शाबूत होता. तेवढं एकच वाक्य कापून नेल्यासारखं गेलं होतं. देऊळ आठवून बघितलं. ती हिरव्या पातळाची बाई उभी राहिली, तिचेही ओठ हलले, लोक हसले. मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून रडले. ते वारले तेव्हा माणसं होती, धावपळ होती, धड रडायलाही मिळालं नव्हतं.

त्यांच्याबरोबरचा कंडक्टर त्यांच्या आधीच गेलेला. सचिवाला फोन लावला, तो मुंबईला परतला होता. "मॅडम, मी तेव्हा बक्षिसं मांडत होतो, ऐकलं नाही. का, काही प्रॉब्लेम?" मी म्हणाले, काही नाही. आपल्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं परक्या माणसाला फोनवर विचारायची मला लाज वाटली. रेकॉर्डिंग तरी कुठून असणार? सगळे फोन मीच परडीत टाकायला लावले होते.

म्हणून मी पुन्हा त्या गावाला गेले. महाडहून पोलादपूर, तिथून रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, आता वर कशाला चाललात, आता तिथे कुणी नाही. खरंच नव्हतं. ज्या अंगणांत गाद्या वाळत होत्या तिथे कुलपं होती, तीही नवी, तेल दिलेली. पूजेच्या मांडवाचे वासे अजून उभे होते आणि त्यांच्यावरचं कापड तेवढं काढून नेलं होतं. शाळेच्या पडवीत आमची सतरंजी जिथे होती तिथे एक कुत्रं झोपलं होतं. त्याने मला बघून मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली.

गुरव त्याच पायरीवर होता. त्याने मला चहा विचारला नाही, कशी आहेस विचारलं नाही. तो म्हणाला, "कंचा गेला?"

मी पिशवी पायरीवर टेकली. मग म्हणाले, "शेवटचा."

"नद्याबिद्या?"

"त्या जाऊ देत. शेवटचा पाहिजे."

त्याने मान हलवली आणि हाताने वरच्या वाडीची वाट दाखवली.

ती बाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत लाल. मी आल्याचं तिला नवल वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्सचंही सांगितलं. ऐकताना तिने एकदाच डोळ्यांना पदर लावला.

"सांगते की. पन हितं नको," ती म्हणाली. "जिथं ठेवून घेतलाय तिथंच इचारा. रीतसर."

दुपारच्या उन्हात आम्ही दोघी खाली उतरलो. देवळात शिरताना मी माझा फोन आपणहून परडीत ठेवला, खरं तर या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. गुरव आत आला नाही. ती म्हणाली, गाभाऱ्याकडे तोंड करून बसा, त्या दिवशी बसलात तशा नाही. मी बसले. चांदीचा डोळा माझ्यासमोर.

"म्हना."

"ठाऊक नाही देवा," मी म्हणाले, "म्हणून विचारते."

माझ्या उभ्या आयुष्यात मी "ठाऊक नाही" असं मोठ्याने कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.  मग मी प्रश्न विचारला, त्या दिवशी विचारला होता तसाच. या वेळी गाभाऱ्यातून काही परत आलं नाही. माझा आवाज आत गेला तो गेलाच. 

तिने बसल्या बसल्या मान मागे वळवली, डावा हात न दिसणाऱ्या स्टिअरिंगवर ठेवला आणि जाड आवाज काढून म्हणाली:

"उतरायचं आसंल त्यानं आत्ताच उतरा. फुडं घाट हाय, मग गाडी थांबायची नाय."

मी वाट बघितली. आपल्या आत काहीतरी हलेल, त्यांचा आवाज त्या शब्दांत येऊन बसेल, म्हणून मी डोळे मिटून बसून राहिले. काही आलं नाही. वाक्य चांगलं होतं. माझ्या "मी नाही उतरत"च्या आधी ते बरोबर बसतही होतं. पण ते मला सावित्रीच्या उगमासारखंच कळलं. कुणीतरी सांगितलं आणि मला माहिती झाली.

"आठवला?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. ती इतक्या आशेने बघत होती.

मग तिला बोलायचा हुरूप आला. पायऱ्यांवर बसून ती त्या गाडीचं सांगायला लागली. नवी लग्न होऊन आली तेव्हापासून ती करवंदं, आंबे घेऊन त्या गाडीने पोलादपूरच्या बाजाराला जायची. पहाटेचा अंधार, टोपल्या, बायकांची दाटी. "डायवरदादांनी असा म्हटला का आमी सगल्या बायका एकदम वरडायचो, 'आमी नाय उतरत!' तवा ते हसायचे आनि मग गिअर टाकायचे. आमी गप बसलो तर ते पन बसून ऱ्हायचे. उत्तर मिलाल्याबगर गाडी हालवायचे नाय. एकदा आमी मुद्दाम कोन बोललो नाय, तर किती येल तशीच गाडी उभी! शेवटी एक म्हातारी वैतागून बोलली, तवा निघाली."

ती हसत होती. मी पायरीला धरून बसले होते.

दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. त्यांनी मान वळवून विचारलं आणि वाट बघितली. मी म्हणाले, मी नाही उतरत. मग ते निघाले.

परत येताना रिक्षात आणि नंतर एसटीत मी एकच गोष्ट शोधत होते. बायका काय उत्तर द्यायच्या आणि त्याशिवाय गाडी हलत नसे, हे त्यांनी मला कधी घरी सांगितलं होतं का? सांगितलं असणार. ते सगळं सांगायचे, देवळातला गारवासुद्धा सांगायचे. मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्या दिवशी मला हे ठाऊक होतं का? ठाऊक असून मी उत्तर दिलं, त्यांना मोकळं करायला, की नुसतीच त्यांच्या गमतीला गंमत जोडली? मी गप्प राहिले असते तर? हे त्या वाक्याबरोबरच त्या गाभाऱ्यात गेलंय, आणि ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. वरच्या वाडीच्या बाईलाही नाही.

आता मी प्रश्नमंजूषा घेत नाही. बोलावणी येतात, मी तब्येतीचं कारण सांगते. शेजारची मुलगी भरती झाली. गुरवाचा मधे एकदा कुणाच्या तरी फोनवरून निरोप आला, आणखी काही विचारायचं असेल तर या, देव हो किंवा नाही एवढंच सांगतो, पण सांगतो. मला हो किंवा नाही एवढंच पाहिजे आहे, आणि यावेळी मला खरोखरच ठाऊक नाही. मी अजून गेलेले नाही.